घर बदलतोय, काळजी करू नका

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

आधी सांगून टाकतो. कोथरूडचं घर सोडतोय. नऱ्ह्यात वन बीएचके ठरलंय, टोकनही दिलं. फोनवर सांगितलं असतं तर आई, तू पूर्ण ऐकूनच घेतलं नसतंस.

अकरा महिन्यांचा करार संपला आणि मालकांनी २८,००० चे ३३,००० मागितले. पाच-दहा टक्के वाढ मी धरूनच चालतो, पण हे फार झालं. माणसं वाईट नाहीत. नवा भाडेकरू तेवढे मोजतोय, मग ते तरी का सोडतील?

बाबा, तुमच्या हिशेबाच्या वहीत पहिली ओळ किराण्याची असायची, वाड्याचं भाडं दूध-रॉकेलच्याही खाली. माझ्याकडे आधी भाडं, मग उरलेल्यात सगळं बसवायचं. सरकारी पाहणीत शहरी घरांचा खाण्यावरचा खर्च १९९९-२००० मध्ये ४८ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४० च्या आत आलाय. भाडं मात्र साडेसहा टक्क्यांच्या आसपासच दिसतं, कारण त्या सरासरीत स्वतःच्या घरात राहणारेही आले. माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा त्यात जात होता. इथे १९,००० आहे.

तुमची वेगळी खोली जाते याचं वाईट वाटतं. पण बेडरूम तुमचीच, मी हॉलमध्ये झोपेन. लिफ्ट आहे, कमोड आहे, तुळशीला सकाळचं ऊन आहे. वाड्यात बाबांची सायकल रात्री आत घ्यायचो, माझं डोकं तिच्या पेडलला लागू नये म्हणून आई, तू त्याला टॉवेल गुंडाळायचीस. त्या मानाने इथे ऐसपैस आहे गं.

आता ऐका. एफडी मोडायची नाही, जुनं डिपॉझिट परत येतंय, त्यात नव्याचं भागतं. दर महिन्याचे पैसे तेवढेच येतील, मेडिक्लेमचा हप्ताही मीच भरणार. बाबा, बीपीची गोळी पुरवून पुरवून खायची नाही. आई, गुडघा याच आठवड्यात दाखव, माळ्यावर चढू नकोस.

आणि साताऱ्याहून येताना नवले पुलाला उतरा, स्वारगेटपर्यंत जायची गरज नाही. उतरलात की तिथेच थांबा, रस्ता ओलांडायचा नाही. मी घ्यायला येतो.

तुमचा,
बाळू