सरकारी वकिलाने आरोपीची बाजू घेतली तर

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सरकारी वकिली सोडून आरोपींचे खटले चालवणारे वकील पैशांसाठी पक्ष बदलतात, असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. ते मला फार लागले. मी नऊ वर्षे सहायक सरकारी वकील होते. राजीनामा देऊन पुढे तेवीस वर्षे इथेच, बडोद्यात, आरोपींच्या बाजूने उभी राहिले.

सूरसागर तलावासमोरच्या जुन्या न्यायमंदिरात कोर्ट भरायचे तेव्हाची गोष्ट. शिलाई मशीनच्या चोरीचा साधा खटला होता. मुद्देमालावर लाखेचे सील, चिठ्ठीवर जप्तीला साक्षीदार म्हणून घेतलेल्या दोन पंचांच्या सह्या, सगळे जागच्या जागी. साक्षीआधी त्यातला एक पंच, चहाची लारी, म्हणजे हातगाडी, लावणारा, मला जिन्याशी गाठून म्हणाला, "बेन, मी त्या घरी गेलोच नव्हतो. सही चौकीवर केली." त्याची बोटे थरथरत होती. त्याला दमात घ्या, असे मला सुचवण्यात आले. मी त्याला एवढेच सांगितले की शपथेवर जे खरे तेच बोल. तो बोलला आणि आरोपी सुटला. महिनाभर कोणी माझ्याशी धड बोलले नाही. पण खटला असा चालवावा की निरपराधाला शिक्षा होणार नाही आणि त्याच्या बाजूचा पुरावा दडपू नये, हे सरकार पक्षाच्या वकिलाचे कर्तव्य बार कौन्सिलच्या नियमांतच लिहिलेले आहे. मग मी कोणता पक्ष बदलला?

वकिलाला वकिली सांभाळून दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, तसा १९७९चा नियम आहे. राजीनाम्यानंतर मी सकाळी दोन तास एका विधी महाविद्यालयात शिकवू लागले. पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगितले, या वर्गाचाच पंचनामा लिहा. खिडक्या कोणी चार लिहिल्या, कोणी सहा. मागचे दार एकानेही लिहिले नाही. मग त्यांचे त्यांनाच एकमेकांची उलटतपासणी घ्यायला लावली. कलमे तर त्यांना तोंडपाठ होती! त्या तासाला मात्र मी नऊ वर्षे काय केले ते माझे मलाच नीट कळले.

खासगी वकिलीत पैसा आला, हे मी नाकारत नाही. पण तरसालीहून एक वडील मुलासाठी आगाऊ फी घेऊन आले, ती मी परत केली. त्या मुलाच्या जामिनाला सरकारतर्फे मीच विरोध केला होता. ज्या प्रकरणात एका बाजूने काम केले, त्यात दुसऱ्या बाजूने उभे राहता येत नाही. त्यांना वाटले, मी फी वाढवून मागते आहे. तासभर बसवून समजावले, तरी ते नाराजच गेले.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. पंच सही करतात तेही त्यात यायला हवे. लारीवाल्याच्या वेळी हे असते तर! पण ते चित्रीकरण साक्षीआधी स्वतः पाहणारा सरकारी वकील हवा आणि त्यातली खोट ओळखणारा बचावाचा वकीलही हवा. ही नजर पुस्तकातून येत नाही. दोन्ही बाजूंनी काम केलेल्या माणसांनी ती शिकवावी लागते. अशा लोकांना संधिसाधू ठरवले तर वर्गात कोण येणार?

माझी शहरातल्या विधी महाविद्यालयांना विनंती आहे की पंचांची साक्ष असेल त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलांना दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात न्यावे. आधी त्यांच्याकडून पंचनामा वाचून घ्यावा आणि संध्याकाळी त्यावर तासभर बोलावे. मी आता निवृत्त आहे, गुडघे दुखतात, पण त्या तासाला येईन. मानधन नको.

आपली,
एक निवृत्त वकील
दांडिया बाजार, बडोदा