उद्गारचिन्ह माझ्या पदरचं

सोलापूर,
रविवार, २६ मे २०२४

प्रिय सुन्या,

चार महिने पत्र नाही, आणि आता लिहितोय ते कबुलीजबाबाचं. तब्येत बरी आहे, साखर गोळीवर आहे, ऊन मी म्हणतंय.

आमच्या पेपरात ‘अंटार्क्टिकात तेलाचा महासागर!’ असा सहा कॉलमी मथळा झळकला. तो माझा. रात्री साडेअकराला एजन्सीची बातमी आली, रशियाला वेडेल समुद्रात ५११ अब्ज पिंपं तेल सापडलं. उद्गारचिन्ह मात्र माझ्या पदरचं.

सकाळी नव्या पेठेत चहावाल्यानं विचारलं, “साहेब, मग पेट्रोल किती उतरणार?” मी हसलो खरा, पण चहा घशाखाली उतरेना. घरी येऊन खोदत बसलो. सापडलं म्हणजे काय, तर जहाजानं पाण्यात हवेचे बार उडवले, समुद्रतळाखालून येणारे पडसाद नोंदवले आणि अंदाज बांधला. विहीर एकही नाही बे! आकडाही शिळा. रशियाची सर्वेक्षण कंपनी २०२० मध्येच ७० अब्ज टन म्हणाली होती, तेही तेल आणि वायू मिळून. एका टनाची साधारण ७.३ पिंपं होतात. कर गुणाकार. ब्रिटिश संसदेच्या समितीपुढं विषय निघाला आणि तोच आकडा पुन्हा बोहल्यावर चढला.

शिवाय मी चौकट टाकली होती, ‘२०४८ ला खाणबंदी संपणार’. साफ चूक. ही बंदी घालणाऱ्या १९९१ च्या माद्रिद कराराला मुदतच नाही. २०४८ नंतर एखादा सल्लागार देश, म्हणजे अंटार्क्टिका करारात मताचा हक्क असलेला देश, फेरविचाराची परिषद मागू शकतो, एवढंच. अशा सल्लागार देशांत आपणही आहोत आणि तिथं आपली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रं आहेत, हे चौकटीत घालायचं मला सुचलं नाही. ज्या बर्फात सांडलेलं तेल उपसायला माणूस पोचणं मुश्कील, तिथं तेल आहे म्हणून मी लोकांना पेढे वाटले.

तुला नान्नज आठवलं असेलच. गवतात एका माळढोकाची पाठ दिसली आणि मी भित्तिपत्रकात ‘माळढोकांचे थवे’ लिहिलं. तू ते फाडलंस, मी महिनाभर बोललो नाही. (शेंगाचटणीचा डबा मात्र तूच परत केला नव्हतास.)

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिन्याच्या ॲडमिशनचं कळव.

दुरुस्ती छापू म्हणालो, तर संपादक म्हणाले, “रशियाची तक्रार आलीय का?” शेवटी पान नऊवर, सोन्या-चांदीच्या भावाखाली चार ओळी मिळाल्यात. त्यांना मथळा सुचत नाहीये. तू दे, उद्यापर्यंत.

तुझा,
बाळ्या