लाडवांचा हिशेब आणि हरवलेली चतुर्थी

प्रिय आई आणि बाबा,

शि.सा.न.

बाबांना मोबाइलवर लांबलचक वाचायचा कंटाळा येतो हे माहीत आहे, म्हणून ऑकलंडला नेट मिळालं की हे पत्र वरच्या भाडेकरूंच्या मुलाला पाठवतो, तो प्रिंट काढून देईल. अक्षर मोठं ठेव म्हणून त्याला सांगतोच. सॅन फ्रान्सिस्को ते सिडनीच्या या जहाजावर नेट आहे, पण त्याचा भाव ऐकून तुमची सून म्हणाली की आईंशी बोलायला नागपूरला जाऊन येणं स्वस्त पडेल. म्हणून इतक्या दिवसांत दोन मिनिटांचे दोनच फोन झाले आणि दोन्ही वेळा "जेवला का" आणि "हो" यातच निम्मा वेळ गेला. बाकीचं सगळं आता सांगतो.

आधी बाबांचं. बाबा, तुम्ही सीताबर्डीवरून आणलेला तो एक्स्टेन्शन बोर्ड, ज्याला सहा पिना लागतात आणि वरून लाल लाइट लागतो, तो पहिल्याच दिवशी जप्त झाला. फोनवर मी "मस्त चालून राहिला" म्हटलं होतं, ते खोटं होतं. झालं असं की सॅन फ्रान्सिस्कोला सामान खाली देऊन टाकायचं असतं, मग ते लोक संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या खोलीसमोर आणून ठेवतात. सगळ्यांच्या बॅगा आल्या, आमची मोठी बॅग येईना. आठ वाजले, नऊ वाजले, मंग फोन आला की खाली सिक्युरिटीत या. खाली एका टेबलावर मुद्देमाल मांडल्यासारखं सगळं ठेवलेलं, कोणाची इस्त्री, कोणाची पाण्याची किटली, आणि समोर माझ्यासारखी दहा-पंधरा माणसं मान खाली घालून लाइनीत उभी. माझ्या पुढच्या आजीबाई ऐंशीच्या असतील, त्यांचीही इस्त्रीच होती. त्या माणसानं बोर्ड वर उचलून दाखवला तेव्हा मला शाळेत कॉपी पकडल्यासारखं वाटलं. कारण विचारलं तर म्हणाला, जहाजाची वायरिंग घरासारखी नसते, सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड या लाइनवर तापून पेटू शकतो, आणि समुद्राच्या मधात आग लागली तर पळायला जागा नाही. तुम्ही तर आयुष्यभर विज्ञान शिकवलं, तुम्हाला पटेल. मला तेव्हा नाही पटलं, मी दोन मिनिटं वाद घातला, मागची लाइन खोकायला लागली तेव्हा गप बसलो.

जहाज सुटलं तेव्हा मात्र खरंच अंगावर काटा आला. गोल्डन गेटच्या खालून जातं ना, 1937 चा पूल तो, डेकवरून वर पाहिलं तर वाटते आता धुराडं घासते की काय. गार वारा इतका की तुमची कानटोपी काढली. नको नको म्हणत बॅगेत टाकली होती मी ती.

त्यानंतरचे दोन दिवस विचारू नका. फुटाळा तलावावर बोटीत बसून उलटी करणारा मुलगा मी, पॅसिफिकला काय तोंड देणार. जिन्याच्या कठड्यात कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या दिसल्या, मला वाटलं माहितीपत्रकं आहेत, एक काढून वाचायला घेतली तर ती उलटीची पिशवी. आणि लगेच उपयोगातही आली. जहाजाला दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, डोलणं कमी करतात, तरी लाटा जोरात असल्या की कपाटातले हँगर रात्रभर खडखड करतात. वेटरनं हिरवं सफरचंद आणि आल्याची बिस्किटं आणून दिली. पण आई, काम केलं ते तुझ्या आलेपाकानं. एक वडी तोंडात ठेवून आडवं पडायचं आणि हलायचं नाही. बाजूच्या खोलीतल्या कॅनडाच्या काकूंना दोन वड्या दिल्या, त्या दुसऱ्या दिवशी डब्याकडे बोट दाखवून आणखी मागायला आल्या. दिल्या. म्हणजे तुमच्या सुनेनं दिल्या, मी थोडं मन घट्ट करून बसलो होतो.

आमची खोली आतल्या बाजूची, खिडकी नाही. दिवस की रात्र काही कळत नाही, टीव्हीवर एक चॅनल आहे त्यात जहाजाच्या पुढचा कॅमेरा सतत चालू असतो, तो रात्रभर लावून झोपतो आम्ही, उजेड दिसला की उठायचं. भिंती लोखंडाच्या आहेत, चुंबक चिकटतं, त्यामुळे आईनं दिलेला नायलॉनचा दोर दोन चुंबकी हुकांना बांधला आणि बाथरूमसमोर वाळत घालायची सोय झाली. लॉन्ड्री आहे म्हणा, स्वतः जाऊन धुवायची, पण तिथं कॉर्पोरेशनच्या नळावर असतं तसं राजकारण आहे. मशीन थांबल्यावर पाच मिनिटांत कपडे काढले नाहीत तर दुसरा माणूस काढून ठेवतो. मी मोबाइलमध्ये क्रिकेटचा स्कोअर शोधत राहिलो आणि गेलो तर एका गोऱ्या आजीनं माझे सगळे कपडे घडी करून ठेवलेले, सगळ्यात वर माझी पट्ट्यापट्ट्याची चड्डी, चौकोनी घडी, एकदम दुकानासारखी. तेव्हापासून डायनिंग हॉलमध्ये त्या मला पाहून हसतात आणि मी मेनूकार्ड वर करतो.

आणि एकदा मी नवव्या मजल्यावर आहे समजून आठव्यावर उतरलो. सगळे पॅसेज सारखेच, तोच गालिचा, तेच दिवे. आमच्याच नंबरासारखं दार, कार्ड लावलं, उघडेना, पुन्हा लावलं, मंग जोरात ठोकून "उघड ना काहून कडी लावली" असं मराठीत ओरडलो. दार उघडलं तर टॉवेल गुंडाळलेले एक आजोबा. दोघंही सॉरी सॉरी म्हणत राहिलो. दुसऱ्या दिवशी तुमच्या सुनेनं आमच्या दाराला तिच्या टिकल्यांचं पाकीट लटकवलं, खूण म्हणून.

जेवणाचं आई तू विचारशीलच. भरपूर आहे, इतकं की किळस यावी, पण चौथ्या दिवसानंतर माणसाला वरण-भात लागतोच. किचनमध्ये आपला एक कोकणातला कुक भेटला, आदल्या दिवशी सांगितलं तर काहीतरी करून देतो म्हणाला. मी खूश होऊन सांगितलं, आलूची रस्सा भाजी करा, तर्री येऊ द्या, आणि वरून सांबार टाका. दुसऱ्या दिवशी आलूची भाजी आली आणि तिच्यावर वाटीभर सांबार ओतलेलं, इडलीवालं, शेवग्याच्या शेंगेसकट! तो बिचारा बाजूला उभा राहून पाहून राहिला की साहेबांना आवडते का. मी खाल्लं सगळं. नंतर त्याला समजावलं की आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तर तो म्हणतो मग तुम्ही सांबाराला काय म्हणता. मला उत्तर सुचलं नाही.

रोज दुपारी बारा वाजता कॅप्टन माइकवर बोलतो, आज कुठे आहोत, वारा किती, खाली पाणी किती खोल. एकदा म्हणाला साडेचार किलोमीटर. तुमची सून म्हणाली, हे सांगायची काय गरज आहे जेवायच्या वेळी. वेग म्हणे 20 नॉट, मी हिशेब केला, ताशी 37 किलोमीटर. बाबा, तुमची लुना. एवढं मोठं पंधरा-सोळा मजल्यांचं धूड आणि वेग लुनाचा, वर्धेला जायचं तर दोन तास लागतील.

हवाईतल्या होनोलुलूला एकच दिवस होता, बाबांसाठी म्हणून पर्ल हार्बरला गेलो. जपानच्या हल्ल्यात 7 डिसेंबर 1941 ला बुडालेलं ॲरिझोना हे अमेरिकन लढाऊ जहाज अजून तिथंच पाण्याखाली आहे, त्याच्यावर पांढरं स्मारक बांधलंय, 1177 माणसं गेली त्या एका जहाजावर. आणि अजूनही त्यातून तेलाचे थेंब वर येतात, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे पसरतात. मी बराच वेळ तेच पाहत राहिलो. बोटीतून परत येताना कोणीच बोलत नव्हतं.

होनोलुलू सोडल्यावर दुसऱ्या रात्री कोजागिरी. आईनं चारोळी आणि केशराची डबी दिली होतीच, कॉफीच्या मशीनपाशी गरम दूध मिळतं, सहा कप घेऊन आम्ही वरच्या डेकवर गेलो, तर तिथं इतके दिवे की चंद्र दिसेना. शेवटी पुढच्या बाजूला अंधार सापडला. चंद्र असा की पाण्यावर सरळ रस्ता पडलेला, आपल्या गच्चीवरून पाण्याच्या टाकीमागून येतो तसा नाही. कॅनडाच्या काका-काकूंना बोलावलं होतं. मी कप ओवाळायला म्हणून वर धरला आणि वाऱ्यानं अख्खं दूध काकांच्या शर्टवर. चारोळ्या दाढीत. ते चांगले आहेत हो, म्हणाले ही पण परंपरा आहे का. तुमच्या सुनेनं लगेच हो म्हटलं.

विषुववृत्त ओलांडलं तेव्हा कर्मचारी समुद्रदेव बनून आले, लोकांच्या डोक्यावर काहीबाही ओतलं, मेलेल्या माशाची पप्पी घ्यायला लावली. आम्ही लांबून पाहिलं. बाबा, बेसिनमधलं पाणी उलटं फिरते का तेही पाहिलं, तुम्ही म्हणाले होते तसंच, काही संबंध नाही, जहाज ज्या बाजूला कलते तिकडे जाते.

आता मुख्य भानगड. अमेरिकन सामोआतलं पागो पागो, गच्च पाऊस, ते सोडलं संध्याकाळी, गुरुवार होता. खोलीत चिठ्ठी ठेवलेली की आज रात्री घड्याळ एक तास मागे करा आणि उद्या शनिवार आहे. शुक्रवार नाहीच! तारीखरेषा, म्हणजे समुद्रातली ती रेषा जिच्यावर तारीख बदलते, ती ओलांडली. आणि शुक्रवारी होती संकष्टी. तुमच्या सुनेनं पंचांगाचं पान काढलं, पुन्हा पाहिलं, आणि पलंगावर बसूनच राहिली. वीस वर्षांत एक चतुर्थी चुकली नाही तिची, बाळंतपणातही नाही, आणि इथं अख्खा दिवसच कोणीतरी पळवून नेला. मी म्हटलं आपण एकटे नाही, बाजूच्या सामोआ देशानं 2011 मध्ये रेषेची बाजू बदलली तेव्हा अख्ख्या देशाचा 30 डिसेंबर गायब झाला होता. ती म्हणाली, त्यांना चतुर्थी होती का?

म्हणून तो दुसरा फोन केला होता, आणि बाबा, तुम्ही दोन मिनिटांत निकाल दिला. "तिथी चंद्रावर चालते, तारखेवर नाही, आणि आमच्याकडे आत्ता शुक्रवारची सकाळ आहे, चतुर्थी सुरू आहे, म्हणजे तुमच्या डोक्यावरही तीच आहे." तिनं लगेच हातातलं सँडविच खाली ठेवलं. अर्धं खाल्लेलं होतं, ते आम्ही मोजलं नाही. आता चंद्रोदय कुठून काढायचा? रिसेप्शनवर विचारलं तर तिथली पोरगी सूर्यास्ताची वेळ सांगत बसली. ढग इतके की काही दिसेना, मी दर वीस मिनिटांनी डेकवर जाऊन यायचो, साडेदहाच्या पुढे एकदाचा फाटक्या ढगातून दिसला, तिनं कठड्यापाशी उभं राहून हात जोडले, आणि उपास सुटला तुझ्या लाडवानं.

सुव्हात फार बरं वाटलं, फिजी. बाजारात भाजीवाल्या बायकांपैकी कितीतरी आपल्यासारख्या दिसणाऱ्या, बोलतात ती हिंदी जरा वेगळी, अवधी-भोजपुरीच्या वळणाची, माझी नागपुरी हिंदी ऐकून त्या हसल्या आणि मीही. 1879 मध्ये पहिलं जहाज आलं कलकत्त्याहून, मजूर घेऊन, उसाच्या मळ्यांसाठी. ॲग्रीमेंटचं झालं गिरमिट. 1916 पर्यंत असे 60 हजारांवर लोक आणले. त्या पहिल्या जहाजावर पटकी आणि देवीची साथ होती. मी त्याच सकाळी बुफेत दही आंबट नाही म्हणून तोंड वाकडं केलं होतं. एका म्हाताऱ्या बाईकडून मिरच्या घेतल्या, तिनं पैसे घेतले पण मूठभर सांबार, आपलं वालं, फुकट दिलं. ते कुकला नेऊन दाखवलं. हेच ते म्हटलं.

उद्या ऑकलंड. आणि आता आई, लाडू. तू सिडनीच्या ताईसाठी म्हणून वेगळा डबा दिला होता, बेसनाचे, मोजून 31. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया दोघंही खाण्याच्या वस्तूंबाबत भल्ले कडक आहेत, बाहेर नेताना सगळं लिहून सांगावं लागते, न सांगता नेलं तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी 400 डॉलर दंड. डबा खोलीतच ठेवला तर ऑकलंडला काही त्रास नाही, सिडनीला कागदावर लिहून दाखवायचा, सोडायचा की नाही ते ते ठरवतील. तर मी कस्टमचं सांगून तुमच्या सुनेला पटवलं की उगाच रिस्क नको, कमी केलेले बरे. खरं म्हणजे कस्टमचं कळलं ते सुव्हानंतर, आणि लाडू होनोलुलूलाच 19 वर आले होते. तीन आमची खोली आवरणाऱ्या पोराला दिले, पाच कोजागिरीला वाटले, बाकीचे रात्री तो कॅमेऱ्यावाला टीव्ही पाहता पाहता संपले. आता चार आहेत. ताईला यातलं काही सांगू नको, तिला मी सिडनीत दुसरं काहीतरी घेऊन देतो.

बाबा, बीपीची गोळी सकाळचीच घ्या, दुपारवर ढकलू नका. कूलर आता झाकून ठेवा, वर चढू नका, त्या पोराला सांगा. बोर्डाची पावती पाकिटात ठेवली आहे, शेवटच्या दिवशी परत देतात म्हणे.

तुमचा,
मोठा

ता.क. सुनेनं वाचलं, म्हणते चड्डीचं काढून टाक, प्रिंट काढणारा पोरगा वाचेल. राहू दिलं. आणि लाडू तीन आहेत.