मकरंदाच्या रिकाम्या डब्याची मागची बाजू

प्रिय मकरंदा,

तुझा फोटो मिळाला. ‘हाय प्रोटीन’ आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्यात उभा चमचा आणि खाली ओळ, ‘अख्खा संपवला तरी डाएट शाबूत!’ शिवाय, रात्रभर पोटात गुडगुड का झाली, हा पुरवणी प्रश्न. डब्याची मागची बाजूही टिपलीस ते बरं केलंस, नाहीतर ‘कमी हाण’ एवढं सांगून मी मोकळा झालो असतो.

आधी त्या ठळक अक्षरांतल्या ‘हाय प्रोटीन’चं बघू. तुझ्या डब्यावर 100 ग्रॅममागे 90 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रोटीन आहे. साध्या व्हॅनिलात साधारण 207 कॅलरी आणि साडेतीन ग्रॅम असतं. म्हणजे वाढलं किती, तर अडीच ग्रॅम! मग ‘हाय’ कशाच्या जोरावर? युरोपीय संघाच्या 2006च्या नियमाप्रमाणे पदार्थाच्या एकूण ऊर्जेतली किमान 20 टक्के प्रोटीनमधून येत असेल तर हे दोन शब्द छापता येतात. मोजायचा तो वाटा, ग्रॅम नव्हे. प्रोटीनच्या ग्रॅमला 4 कॅलरी, म्हणजे 6 ग्रॅमच्या झाल्या 24, आणि 90 मधल्या 24 म्हणजे सव्वीस टक्क्यांच्या वर. साध्या आइस्क्रीममधलं प्रोटीन तेवढंच ठेवून कॅलरी नुसत्या निम्म्या केल्या, तरी हा वाटा सातावरून साडेतेरा टक्क्यांच्या आसपास जातो. खोली लहान केली की तीच चार माणसं गर्दी वाटतात, तसंच हे. खोटं कोणी बोलत नाही, पण तू मात्र फसलास.

तुझ्या अख्ख्या डब्यात प्रोटीन भरतं साडेपंधरा ग्रॅम. साय काढलेल्या दुधाचे दोन मोठे ग्लास प्यायला असतास तर चौदाएक ग्रॅम मिळालं असतं, तेही 140 कॅलरीत. डब्यात 234 गेल्या. आता म्हणशील, दुधाला आइस्क्रीमची मजा कुठे! कबूल. मग मजा म्हणून खा, व्यायामानंतरचा खुराक म्हणून नको.

आणखी एक गंमत. डबा 473 मिलिलिटरचा, वजन मात्र 260 ग्रॅम. हवा नसती तर त्यात पाचशे ग्रॅमच्या वर माल बसला असता. निम्मा डबा हवेचा आहे, राजा! या धंद्यात त्याला ओव्हररन म्हणतात. साध्या आइस्क्रीममध्येही हवा घालतातच, ती नसेल तर चमचा रुतायचा नाही.

साखर काढली की गोडवा जातो, हे कोणीही सांगेल. पण ती पाण्याला पूर्ण गोठूही देत नाही, आणि खरी पंचाईत तिथे होते. विरघळलेले रेणू जितके जास्त, तितकं गोठणं लांबतं. तुझ्या डब्यात साखरेऐवजी एरिथ्रिटॉल नावाचा गोड पदार्थ आहे. त्याचा रेणू साखरेच्या रेणूच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचा, त्यामुळे ग्रॅमला ग्रॅम त्याने जास्त काम करायला हवं. पण थंडीत तो विरघळून राहत नाही, त्याचे खडे होतात. म्हणून तुझा डबा फ्रीझरमधून काढल्यावर दगड असतो. जिभेला पुदिन्यासारखं गार लागतं तेही त्याचंच, कारण विरघळताना तो उष्णता ओढून घेतो. अ‍ॅल्युलोज ही कमी कॅलरीची साखर घातलेलं आइस्क्रीम पुष्कळ मऊ राहतं.

प्रोटीन वाढवायला दूध पावडर का नाही ओतत, असं मलाही वाटायचं. घरी ओतून पाहिली. दोन दिवसांनी दाताखाली रेती! साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्मी दुग्धशर्करा असते, ती थंडीत स्फटिक धरते. म्हणून कारखान्यात दूध बारीक गाळणीतून नेतात, शर्करा निसटते आणि प्रोटीन मागे राहतं. यादीत ‘मिल्क प्रोटीन कॉन्सन्ट्रेट’ लिहिलंय ते हेच. ग्वार गम वगैरेंना घाबरू नकोस. चिमूटभर असतात आणि बर्फाचे खडे मोठे होऊ देत नाहीत.

आता गुडगुड. एरिथ्रिटॉलवर आळ घेऊ नकोस, तो बहुतेक लहान आतड्यातच शोषला जातो आणि लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. माझा संशय इन्युलिनवर आहे, म्हणजे चिकोरीच्या मुळातला तंतू. 100 ग्रॅमला 6 ग्रॅम तंतू लिहिलाय, म्हणजे एका बैठकीत तू सुमारे 16 ग्रॅम रिचवलास. तो न पचता मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू धरतो. माल्टिटॉल या दुसऱ्या साखर-पर्यायाचा डबा आणलास तर मात्र गुडगुडीवर भागणार नाही, सरळ धावपळ होईल.

एरिथ्रिटॉलबद्दल मला एकच धाकधूक आहे. 2023 साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात, रक्तात ते जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त दिसले. कारण तेच, असं त्यातून सिद्ध होत नाही, शरीर स्वतःही ते थोडं बनवतं. पण तुझ्या घराण्याचा हृदयाचा इतिहास मला ठाऊक आहे, म्हणून रोजचा डबा मला पसंत नाही.

आणि हो, झायलिटॉल हा साखर-पर्याय लिहिलेला डबा मोत्याला चाटायला देऊ नकोस. कुत्र्यांना ते विष आहे, त्यांची रक्तशर्करा धाडकन खाली येते.

आजचा डबा दहा मिनिटं बाहेर ठेवून मग उघड, अर्धाच खा, आणि उद्या पोट काय म्हणतं ते कळव. पुढच्या वेळी फोटो पाठवशील तो विकत घेण्याआधी, आणि मागच्या बाजूचा.

तुझा,
अनंता