पार्ट बदलण्याआधी ड्रायव्हर तपासा

महोदय,

मंगळवार पेठेत मी घरीच डीटीपी करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. ऐन मार्चमध्ये माझ्या जुन्या लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकेना आणि तीन बोटांना तर तो दादच देईना. एका दुरुस्तीवाल्याने टचपॅडच बदलायला सांगितले, खर्च अडीच हजार.

अभियांत्रिकीला असलेला भाचा रविवारी आला आणि म्हणाला, "मावशी, पार्ट चांगला आहे, ड्रायव्हर जुना आहे." ड्रायव्हर म्हणजे टचपॅड आणि विंडोज यांचा मेळ घालणारे छोटे सॉफ्टवेअर. विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, मायक्रोसॉफ्टने 'प्रिसिजन टचपॅड' ही पद्धत आणली. त्यात बोटांच्या खुणा टचपॅड बनवणाऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर नव्हे, विंडोजच ओळखते. माझ्या टचपॅडला ते चालत होते, पण त्यावर जुनाच ड्रायव्हर बसवलेला होता. भाच्याने आधी रिस्टोर पॉइंट (काही बिघडले तर विंडोज पूर्वस्थितीत नेण्याची सोय) केला, यूएसबी माऊस जोडून ठेवला (ड्रायव्हर फसला तर टचपॅड मुकाच होतो, म्हणून हे आधी) आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून, म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या उपकरणांच्या यादीतून, नवा ड्रायव्हर बसवला. आता तीन बोटे वर सरकवली की उघड्या सगळ्या खिडक्या समोर येतात. दोन फायली ताडून पाहताना मनगटाचा ताण किती वाचतो, ते दिवसभर टाइप करणाऱ्यालाच कळेल.

प्रत्येक टचपॅडला हे जमत नाही, आणि अनोळखी ठिकाणाहून ड्रायव्हर उतरवणे धोक्याचे. पण दुरुस्तीवाल्यांनी पार्टचा भाव सांगण्याआधी ही दहा मिनिटांची तपासणी करावी, एवढी कळकळीची विनंती.

– एक डीटीपी व्यावसायिक, मंगळवार पेठ, कोल्हापूर