घसरण मोजण्याआधी आकडा तपासा

संपादक महोदय,

एखाद्या गैरव्यवहाराची बातमी गाजते, आठवड्याभरात जनमत चाचणी येते आणि मथळा होतो : ‘टीकेच्या बातम्यांनी सरकारची लोकप्रियता घसरली’. एवढ्या घाईने हा संबंध जोडू नये, असे आम्हाला कळकळीने वाटते.

हजार जणांच्या चाचणीत 40 टक्के पाठिंबा दिसला, तर तीन टक्के इकडे-तिकडे धरावेच लागतात. दोन चाचण्यांची तुलना करताना ही मर्यादा चारच्या पुढे जाते. म्हणजे 42 वरून 39 ही घसरण ठामपणे सांगता येत नाही. त्यातच ज्यांच्या पक्षाची नाचक्की चालू असते, ते समर्थक त्या दिवसांत पाहणीचा फोनच टाळतात. मग मते तीच राहतात, उत्तर देणारे मात्र बदललेले असतात.

सर्वांत मोठी गफलत कुंपणावरच्या मतदारांच्या बाबतीत होते. शंभरातले 40 सत्ताधाऱ्यांकडे, 35 विरोधकांकडे, 25 अनिश्चित, असे समजू. बातमीनंतर चार समर्थक नाराज होऊन ‘अजून ठरवले नाही’ म्हणू लागले : 36, 35, 29. विरोधकांना एकही नवा माणूस मिळालेला नाही. पण अनिश्चितांना वगळून टक्केवारी काढली की विरोधक 47 वरून 49 वर गेलेले दिसतात आणि ‘विरोधकांची मुसंडी’ छापून येते. हे नाराज मतदार निवडणूक जवळ आली की बरेचदा घरी परततात. निदान ते पलीकडे गेले असे धरून चालू नये.

बातम्यांचा परिणाम होत नाही, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तो मुख्यतः मतदार सरकारला कोणत्या कसोटीवर तोलतात, यावर होतो. महिनोन्महिने महागाईच पहिल्या पानावर असेल तर सरकारचे मोजमाप महागाईवरून होते. अमेरिकेतली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा पाठिंबा 1973च्या जानेवारीत 67 टक्क्यांच्या आसपास होता, ऑगस्ट 1974मध्ये तो 24 वर आला. त्या काळात वॉटरगेटच्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी दडपल्याच्या प्रकरणाच्या, सुनावण्या दूरचित्रवाणीवर चालू होत्या, पण तेलटंचाई आणि भडकलेली महागाईही होतीच; सगळे श्रेय बातम्यांना देता येत नाही. उलट 1998च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या मोनिका लेविन्स्की प्रकरणाने वर्तमानपत्रे भरून गेली, तरी त्यांचा पाठिंबा वाढला आणि डिसेंबरात महाभियोगाच्या वेळी सत्तरीपार गेला. बेरोजगारी पाच टक्क्यांच्या खाली होती आणि लोक त्यांना कारभारावरून तोलत होते.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. एकही घोटाळा नसला तरी सत्तेत राहिल्याने पाठिंबा झिजतो. प्रत्येक निर्णयात कोणीतरी दुखावतो आणि दुखावलेला माणूस खूश झालेल्यापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतो. ही झीज वजा केल्याशिवाय बातमीच्या नावावर किती घसरण टाकायची, हे ठरत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. चाचणीच्या प्रत्येक बातमीसोबत नमुन्याची संख्या, अनिश्चितांचे प्रमाण, त्यांचे काय केले ते, आणि त्याच संस्थेचा मागचा आकडा ठळकपणे छापावा. मुलाखतींच्या तारखा तर हव्यातच. चाचणी रविवारी छापली जाते, मुलाखती मात्र सोमवार ते गुरुवार उरकलेल्या असतात. शुक्रवारी फुटलेल्या बातमीचा त्यात मागमूसही नसतो.

— जनमत पाहणीच्या क्षेत्रातील काही वाचक