नाताळपुरतं बोलावणं पुरत नाही

महोदय,

डिसेंबर लागला की गोव्यात हिंदू शेजारी ख्रिस्ती शेजाऱ्याला हमखास विचारतो, ‘नाताळच्या रात्री प्रार्थनेला आलो तर चालेल का?’ उत्तर ‘या की!’ असंच मिळतं. पण त्या रात्री आलेल्याला दिसतं काय? गर्दी, रोषणाई आणि पुढच्या रांगेतल्यांच्या पाठी. उपासना कशाभोवती फिरते हे उमगायच्या आत केक हातात पडतो. लुथरन उपासनेपुरतं आमचं मत स्पष्ट आहे: बोलावणं एका रात्रीचं देऊ नये, एका अख्ख्या काळाचं द्यावं. गोव्यात घरात किंवा भाड्याच्या खोलीत जमणाऱ्या लुथरन कुटुंबांसाठी हे लिहीत आहोत, आणि ज्यांना असं बोलावणं येईल त्यांच्यासाठीही.

गोव्यातला ख्रिस्ती समाज मुख्यतः कॅथलिक, त्यामुळे ‘लुथरन’ हा शब्दच अनेकांना नवा. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये ९५ मुद्दे मांडले, तिथून ही परंपरा सुरू होते. भारतात तिचे पहिले दोन मिशनरी, त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाउ, ९ जुलै १७०६ रोजी तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले. पुढे १८४२मध्ये गुंटूरला आणि १८४५मध्ये रांचीला काम सुरू झालं. आज झारखंड, ओडिशा, आंध्रातून गोव्यात कामाला येणाऱ्यांत या मंडळ्यांतली, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या समुदायांतली, माणसं भेटतात. लुथरने वेदी, मेणबत्त्या, सणांचं वर्ष यातलं काहीच मोडीत काढलं नाही. बदलली ती भाषा. १५२६मध्ये त्याने जर्मन भाषेतला उपासनाविधी छापला, गायन सगळ्या मंडळीच्या तोंडी दिलं आणि प्रभुभोजनातला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस देण्याच्या विधीतला, प्याला सर्वांसाठी खुला केला.

आता हे सणांचं वर्ष. ते जानेवारीत सुरू होत नाही. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा जो रविवार, तो आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला. यंदा, म्हणजे २०२६ साली, २९ नोव्हेंबर. नाताळची तारीख पक्की, पण ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण, चंद्रावर चालतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. पंचांग पाहणाऱ्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. २०२७मध्ये फाल्गुन पौर्णिमा २२ मार्चला आहे, म्हणून ईस्टर २८ मार्चला. यंदा पौर्णिमा २ एप्रिलला होती, ईस्टर ५ तारखेला आला. क्वचित फरक पडतो, कारण चर्च आकाशातला चंद्र पाहत नाही, आपल्या ठरलेल्या कोष्टकातली पौर्णिमा धरते.

बहुतेक लुथरन मंडळ्या बायबलवाचनाचं तीन वर्षांचं चक्र पाळतात: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक (येशूची कथा सांगणारी ही पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं). योहान तिन्ही वर्षांत मधे मधे, विशेषतः ईस्टरच्या दिवसांत. २९ नोव्हेंबरपासून मार्कचं वर्ष लागेल, आणि पहिल्याच रविवारी वाचन आहे मार्क १३चं, ‘जागृत राहा’ असं सांगणारं. नाताळची गाणी ऐकायच्या अपेक्षेने आलेला पाहुणा हे ऐकून गोंधळतो. त्याला आधीच सांगावं की आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे. म्हणूनच वेदीवर जांभळं किंवा निळं कापड असतं आणि देवदूतांचं गौरवगीत गात नाहीत. ते राखून ठेवायचं, म्हणजे नाताळच्या रात्री त्याला अर्थ येतो.

आगमनचक्राची, म्हणजे हिरव्या फांद्यांच्या चक्रावर मेणबत्त्या लावण्याची, रीत लुथरन घरातूनच आली. १८३९ साली हाम्बुर्गच्या एका अनाथालयात योहान हिन्रिख विखेर्न या पाळकाने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजच्या लहान आणि रविवारच्या चार मोठ्या. नाताळला किती दिवस उरले, हे मुलांना दिसावं म्हणून. आज चारच लावतात, मधे पाचवी पांढरी, जी नाताळच्या रात्री पेटते. इथे करताना दोन चुका ठरलेल्या. पहिली मेणबत्तीच्या लांबीची. प्रभुभोजनासह उपासना सव्वा तास चालते, आणि पहिल्या रविवारची मेणबत्ती चारही रविवार जळते, म्हणजे एकूण पाच तास. दोन सेंटिमीटर जाडीची साधी मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटिमीटर उतरते. पंख्याखाली त्याहून लवकर, आणि एका अंगाने वाहून जाते. म्हणून किमान २५ सेंटिमीटरची घ्यावी, तिच्याभोवती कंदिलाची काच ठेवावी. दुसरी चूक हिरवाईची. फरची झाडं आपल्याकडे कुठली? किनाऱ्यावर सुरूचं झाड मिळतं आणि ते दिसतंही छान, पण आठवड्यात त्याच्या बारीक काड्या इतक्या सुकतात की एक ठिणगी पुरे. दर शनिवारी फांद्या बदलाव्यात आणि प्रत्येक मेणबत्तीखाली पितळी वाटी असावी. प्लास्टिकचं चक्र वापरूच नये, ते वितळून टेबलाला चिकटतं.

एका काळाचं बोलावणं का, याचं खरं उत्तर गाण्यात आहे. ‘प्रभो, दया कर’ ही विनवणी चारही रविवार एकाच चालीवर ठेवावी. पहिल्या रविवारी पाहुणा नुसता ऐकतो, दुसऱ्या रविवारी ओठ हलवतो, तिसऱ्या रविवारी गातो. दर आठवड्याला नवी चाल लावणाऱ्या मंडळीत नवखा माणूस कायम प्रेक्षक राहतो. जर्मन चाली संथ आणि लांब असतात. त्या शिकवायच्या तर उपासनेआधी पाच मिनिटं ध्रुवपद दोनदा म्हणून घ्यावं. पेटी आणि टाळ असतील तर उत्तमच, कारण पावसाळ्यात वीज गेली की कीबोर्ड गप्प बसतो.

पाहुण्याच्या हातात एक कागद हवा. ए-फोर मधोमध दुमडला की चार पानं होतात, तेवढी पुरतात. उपासनेचे चार टप्पे: जमणं आणि पापकबुली, वचन, प्रभुभोजन, पाठवणी. कुठे उभं राहायचं ते समासात लिहावं (शुभवर्तमान वाचताना उभं राहतात, उपदेशाला बसतात). ‘दान पाहुण्यांकडून अपेक्षित नाही’ हे वाक्य ठळक छापावं.

सर्वांत नाजूक जागा प्रभुभोजनाची. आपल्याकडे देवाच्या दारी काही वाटलं जात असेल तर हात पुढे करणं हाच शिष्टाचार. त्या सवयीने पाहुणा रांगेत लागतो आणि वेदीपाशी कुणीतरी त्याला हलकेच थांबवतं. तो अपमान तो विसरत नाही, आणि चूक त्याची नसते. हा प्रसाद नाही. लुथरन श्रद्धेनुसार भाकर आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर दिलं जातं. म्हणून बाप्तिस्मा झालेले, त्या श्रद्धेने येणारेच ते घेतात. हे उपदेश संपताच, रांग लागण्याआधी, मोकळेपणाने सांगावं. पुढे यायचं असेल तर हात छातीवर आडवे ठेवून यावं, पाळक आशीर्वाद देतात. बसून राहिलं तरी कुणी वळून पाहू नये. दारू वर्ज्य असलेल्या सभासदांसाठी द्राक्षांच्या साध्या रसाचा प्याला वेगळा ठेवतात, तोही कागदावर नोंदवावा.

बोलावण्यामागे धर्मांतराचा हेतू आहे का, अशी शंका येते, आणि ती विचारणाऱ्यावर रागावू नये. उपासनेत ख्रिस्ताचीच घोषणा असते, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र पाहुण्याचा फोन नंबर मागू नये, फॉर्म भरून घेऊ नये, त्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नयेत. यायचं आणि जायचं स्वातंत्र्य पूर्ण त्याचं.

गोव्यात नाताळ आणि नववर्ष म्हणजे हॉटेल, शॅक, टॅक्सी यांचा ऐन हंगाम. अनेकांना २४ आणि २५ डिसेंबरला सुट्टी मागणंच अशक्य असतं. त्यांना नाताळ चुकला असं वाटू देऊ नये, कारण नाताळ बारा दिवसांचा आहे. १ जानेवारी हा येशूच्या नामकरणाचा दिवस आणि ६ जानेवारी प्रकटीकरणाचा, पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा. रेईश मागूश आणि कांसावलीला तीन राजांचं फेस्त होतं ते याच दिवशी, त्यामुळे गोव्यातल्या माणसाला ही तारीख ओळखीची आहे. २०२७मध्ये तो बुधवार आहे. संध्याकाळी साडेसातला उपासना ठेवली तर पाळीवरून सुटलेला माणूसही येऊ शकतो.

इंत्रुज (गोव्याचा कार्निव्हल) मंगळवारी संपतो, दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. २०२७मध्ये १० फेब्रुवारी. राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. इथे पावसाळा आड येतो. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, घरी नेलेली पाती भिंतीला टांगून ठेवली की जुलैत बुरशी धरतात, आणि बुरशीची पाती जळताना नुसती धुमसतात. म्हणून ती मे महिन्यातच कडक उन्हात वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, माळ्यावर कोरड्या जागी ठेवावी. जाळायची अंगणात, लोखंडी कढईत, पूर्ण काळी होईपर्यंत. गार झाल्यावर खलून मलमलीतून चाळावी. चहाचा एक चमचा राख पन्नास जणांना पुरते. कालवायला खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलाचे काही थेंब घ्यावे. पाणी अजिबात घालू नये. पानाच्या राखेतले क्षार पाण्यात उतरून दाहक होतात आणि कपाळावर फोड येऊ शकतो. राखेने भांडी लख्ख निघत ती याच गुणामुळे. पाहुण्याला हेही सांगावं की हा अंगारा नव्हे. संरक्षणासाठी तो लावत नाहीत. माणूस माती आहे आणि मातीला मिळणार, ही आठवण म्हणून कपाळावर त्या राखेचा क्रूस काढतात.

तिथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. रविवार सहा, ते उपवासात धरत नाहीत, उरले चाळीस. या काळात ‘हालेलूया’ म्हणत नाहीत. बुधवारच्या संध्याकाळच्या छोट्या उपासना, चाळीस मिनिटांच्या, प्रभुभोजनाशिवाय, पहिल्यांदा येणाऱ्याला सर्वांत सोप्या जातात.

आणि एकच संध्याकाळ निवडायची असेल तर पवित्र आठवड्यातला, म्हणजे ईस्टरआधीचा, गुरुवार निवडावा. प्रभुभोजन झाल्यावर वेदी उघडी करतात. बाविसावं स्तोत्र कुणीतरी संथ वाचत असतं. आधी मेणबत्त्या जातात, मग पुस्तक, मग फुलदाणी, मग वरचं कापड घडी घालून, मग खालचं. शेवटी नुसतं लाकूड उरतं. दिवे मंद होतात, आशीर्वाद दिला जात नाही, आणि लोक न बोलता बाहेर पडतात. इथे होणारी चूक म्हणजे घाई आणि सूचना. ‘आता आपण वेदी रिकामी करणार आहोत’ असं माईकवरून सांगितलं की सगळं गेलं. कोण काय उचलणार हे आदल्या दिवशी ठरवावं आणि चपला काढून चालावं, आवाज होत नाही. २०२७मध्ये हे दिवस शिगम्याच्या धामधुमीतच येतात. मिरवणुकीचा मार्ग पाहून वेळ ठरवावी.

ईस्टर पन्नास दिवसांचा, पांढऱ्या रंगाचा. १६ मेला पेंटेकॉस्ट, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण, लाल. मग त्रैक्याचा रविवार, आणि त्यानंतर नोव्हेंबरअखेरपर्यंत हिरवा रंग, जवळजवळ अर्धं वर्ष. बाहेर पाऊस, शेतं आणि वेदीवरचं कापड एकाच रंगाचं. या काळात सण कमी, म्हणून बोलावणीही थांबतात. आम्हाला ते चुकीचं वाटतं. गर्दी नसते, बोलायला वेळ असतो. २४ जून, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन, लुथरन पंचांगातही आहे. सांजांवला, याच योहानाच्या सणाला, विहिरीत उड्या मारणाऱ्या गावाला तारखेचं कारण क्वचित सांगितलं जातं: मरीयेला देवदूताचा निरोप आला तेव्हा योहानाची आई अलीशिबा हिला सहावा महिना होता, असं लूक सांगतो, म्हणून नाताळच्या सहा महिने आधी.

भाषेचा संकोच मराठी माणसाने गोव्यात करूच नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं ते मराठी ओव्यांत. ते जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचे, होते, लुथरन नव्हते. पण ख्रिस्ताची कथा मराठीत गायची सोय या मातीत चारशे वर्षांपूर्वीच झाली आहे.

२९ नोव्हेंबरचं बोलावणं १५ तारखेपर्यंत द्यावं, फॉरवर्ड करून नव्हे, दारात जाऊन. चारही रविवारच्या तारखा, २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर, एकाच कागदावर लिहाव्यात. वेळ संध्याकाळची ठेवावी, कारण रविवारची सकाळ बाजारात आणि मासळीत जाते. आणि घरातली एक व्यक्ती गायनातून, मांडणीतून पूर्ण मोकळी ठेवावी, जी पाहुण्याच्या शेजारी बसेल आणि कुठलं पान चाललं आहे ते बोटाने दाखवेल.

आपले,
लुथरन उपासनेत सहभागी होणारी काही कुटुंबं, गोवा